वाणाचे पाने

घरजावई हा शब्द ज्यानं कोणी पाडला त्यानं त्यात घर आधी ठेवलं आणि जावई मागून, ते काही उगीच नाही. अमडापूरला भगवंतरावांच्या घरी मोतीरामला कशाची म्हणून ददात नव्हती. ताटात तूप, ओसरीवर गादी, अंगात कडक इस्त्रीचा सदरा आणि दारात फटफटी. एवढं असून तो दिवसेंदिवस वाळत चालला होता, आणि का रे बाबा वाळतोस असं कोणी विचारलं असतं तर सांगण्याजोगं एकही कारण त्याच्यापाशी नव्हतं. दुःखाचं गाऱ्हाणं चार लोकांत मांडता येतं. सुखाचं गाऱ्हाणं घेऊन माणसानं कुठं जायचं?

भगवंतराव माळवं पिकवणारे मोठे शेतकरी. त्यांच्या वांग्या-मिरच्यांच्या गाड्या चिखलीच्या बाजाराला जायच्या, विहिरीवर तेलाचं इंजिन धडधडायचं, आणि या सगळ्याला वारस म्हणून एकच लेक, रुक्मिणी. महाराष्ट्र होऊन दहा-एक वर्षं झाली असतील, तेव्हा ते साखरखेर्ड्याला आले आणि मोतीरामला पसंत करून गेले. मोतीरामचे वडील वारलेले, घरी आई सोजराबाई आणि एक कोरडवाहू वावर. भगवंतरावांनी हात जोडून सांगितलं की पोरगी एकुलती आहे, दोन वर्षं आमच्याकडे राहा, नवी विहीर बांधून होऊ द्या, मग तुम्ही मोकळे. विहीर बांधून झाली, तिला पाणी लागलं, त्या पाण्यावर भाजी निघाली. मोकळे हा शब्द मात्र पुन्हा कोणी काढला नाही.

लग्नात एक गंमत झाली होती. पाठवणीच्या वेळी नवरानवरीला बैलांच्या दमणीत बसवलं, आणि दमणी देवीच्या टेकडीला वळसा घालून परत त्याच दारात येऊन उभी राहिली. रुक्मिणीच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. पोरगी जाते कुठं, रडायचं कशाला, असं बाया म्हणाल्या. तेव्हा सगळे हसले होते आणि सगळ्यांबरोबर मोतीरामही हसला होता. आपण कशाला हसतो आहोत हे माणसाला त्या वेळी कळतं थोडंच!

सोजराबाई काही अमडापूरला येऊन राहायला तयार नव्हती. लेकाच्या सासुरवाडीत मी कोण म्हणून राहू, असं तिनं एकदा विचारलं होतं. वावर तिनं शेजारच्या माणसाला बटईनं, निम्म्या पिकाच्या बोलीवर, दिलेलं होतं आणि दर अक्षय्य तृतीयेला तो करार पुढं चालू व्हायचा. या वर्षी मात्र तिनं बाजारकरी माणसाच्या तोंडी सांगून पाठवलं, "आवंदा अक्षय्य तृतीयेले येऊन त्या वावराले हात लावला त लाव. नाई त मी ते विकून टाकतो. माह्याच्यानं दुसऱ्याचे बैल त्याच्यात पाहवत नाईत." सोजराबाई बोलायची थोडं आणि बोललेलं करायची, हे मोतीरामला चांगलं ठाऊक होतं. वावर गेलं की परतायला जागाच उरणार नव्हती. मग तो जन्मभर या ओसरीवर, या गादीवर.

आता कोणी म्हणेल, साखरखेर्डं काही काशी-रामेश्वर नाही, यष्टीत बसावं आणि जावं. मोतीरामनं तेही करून पाहिलं होतं. यष्टीचं नाव काढलं की भगवंतरावांचा चेहरा उतरायचा. आमचा जावई कोंबड्यांच्या पाट्यांत उभा राहून जाणार का, असं म्हणून ते तिथल्या तिथं गाडी जुंपायला सांगायचे, गाडीवर जुना गडी पुंजाजी बसायचा, आणि पुंजाजीनं जावयाला पोचवायचं ते परत घेऊन यायच्या बोलीवर. माणूस वाईट असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. भगवंतराव वाईट नव्हते, हीच तर सगळी पंचाईत होती.

फटफटीचंही तसंच. खामगावच्या एका ठेकेदाराकडून त्यांनी ती जुनी विकत घेतली, जावयानं बाजाराला रुबाबात जावं म्हणून. तिच्या सीटखाली पत्र्याची एक छोटी पेटी होती आणि पेटीत खाकी कापडात गुंडाळलेले, नट खोलायचे लोखंडी पाने होते. भगवंतरावांनी ती गुंडाळी पहिल्याच दिवशी काढून इंजिनाच्या कामाला पुंजाजीच्या हवाली केली. "आमच्या जवायाचे हात काळे नाई झाले पायजेत," असं ते म्हणाले, आणि ते इतक्या मायेनं म्हणाले की मोतीरामला हसून मान डोलवावी लागली. फटफटी त्याची झाली, पाने सासऱ्याचे राहिले.

जुनी फटफटी ती, बंद पडायचीच. साखरखेर्ड्याची वाट धरली की तर हमखास पडायची. एकदा लव्हाळ्याच्या फाट्यापाशी तिचा प्लग काजळीनं भरला. एकदा उताराला चेन तुटून सापासारखी धुळीत पडली. एकदा मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. दर वेळी मोतीराम तिच्याभोवती दोन चकरा मारायचा, उगाच इकडे तिकडे हात लावायचा आणि मग लिंबाखाली जाऊन बसायचा. रस्त्यानं येणारा पहिलाच गाडीवान कासरा ओढून विचारायचा, भगवंतरावांचे जवाई ना तुम्ही, निरोप सांगू का? मोतीरामनं नको म्हटलं तरी तो निरोप सांगायचाच, कारण जावयाची सेवा हे त्या मुलखात पुण्याचं काम. दुपारकलती पुंजाजीची बैलगाडी यायची. फटफटी गाडीत घालायची, दोरानं बांधायची, आणि तिच्या शेजारी मोतीरामनं बसायचं. अमडापूरच्या वेशीतून ती वरात आत शिरली की लोक दारांत येऊन पाहायचे. जत्रेत रुसून पळालेलं पोर आई-बाप धरून आणतात तसा तो घरी यायचा, आणि दारात उभे असलेले भगवंतराव रागाचा एक शब्द न बोलता म्हणायचे, दमले असान, पाणी आणा.

त्या पाण्याची मोतीरामला भीती वाटायला लागली होती.

संध्याकाळी माडीवर तो हे सगळं रुक्मिणीला सांगायचा. आपल्यापाशी पाने असते तर कुठला नट खोलला असता, काय साफ केलं असतं, कुठली कडी बसवली असती, हे तो तिला इतक्यांदा सांगून चुकला होता की तिला ते आरतीसारखं पाठ झालं असेल. ती ऐकायची, मिरच्यांचे देठ खुडत राहायची. हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही. ती याच घरात जन्मली, याच घरात नांदली, सासर कसं असतं ते तिनं बघितलेलंच नव्हतं. माझ्याबरोबर साखरखेर्ड्याला कायमची येशील का, हा साधा प्रश्न मोतीरामनं तिला अजून विचारला नव्हता. उत्तर काय येईल याची त्याला धास्ती होती.

त्या वर्षी वैशाखात धोंडा आला. धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना, आणि अधिक महिन्यात जावयाला वाण देतात. लग्नानंतरचा पहिलाच धोंडा, म्हणजे तर जावयाचा मान काय विचारावा. त्यानं मागावं आणि सासूसासऱ्यांनी द्यावं, तिथं नाही म्हणायची सोयच नसते. मोतीरामच्या डोक्यात एकदम उजेड पडला. ज्या मानानं आपल्याला बांधून घातलं आहे, त्याच मानाकडून आपण पाने मागून घ्यायचे. वाणात आलेल्या वस्तूला जावयानं हात लावू नये असं कोण म्हणेल?

पुढच्या बाजाराला चिखलीला भाजी उतरवून तो रंगरावाच्या लोखंडी सामानाच्या दुकानी गेला. रंगरावानं आधी एक लालभडक पेटी पुढे केली, तीन कप्प्यांची, आत लहानमोठे पाने, घण, करवत, चेनच्या कड्या, ठिगळं आणि काय काय. मोतीरामचे डोळे दिपले खरे, पण त्यानं पेटी उचलून पाहिली आणि खाली ठेवली. ही फटफटीवर बांधायची कुठं? रंगरावालाही ते पटलं. तो म्हणाला की ही पेटी घरी ठेवून काम करणाऱ्याची, वाटेवरच्या माणसाला गुंडाळी पाहिजे, आणि गुंडाळीत तेवढंच घालायचं जेवढं आपल्याला वापरता येतं.

मग मोतीरामनं निवडायला घेतलं. निवडताना त्याला दुकान दिसतच नव्हतं, रस्ता दिसत होता. लव्हाळ्याच्या फाट्यासाठी त्यानं प्लगचा नळीसारखा पाना घेतला आणि काजळी घासायला पॉलिश कागदाचा तुकडा. उतारावरच्या त्या चेनसाठी एक पक्कड आणि चेनची सुटी कडी. बाभळीच्या काट्यासाठी टायर उचकायच्या दोन टामी, रबराची ठिगळं आणि सोलूशनची नळी. दोन्ही टोकांना तोंडं असलेले साधे पाने घ्यायची वेळ आली तेव्हा कुठलं माप हे काही त्याला सांगता येईना. शेवटी तो एकेक पाना हातात घेऊन बाहेर जायचा, उन्हात तापलेल्या फटफटीच्या नटाला लावून बघायचा आणि परत यायचा. सैल बसला तर ठेवून द्यायचा. जो नटाला असा घट्ट मिठी मारायचा की हलवलं तरी खडखडायचा नाही, तो बाजूला काढायचा. असे तीन निघाले. पेचकस एक, तार थोडी. पाठीवरून घाम निथळत होता आणि मोतीराम तीन वर्षांत पहिल्यांदा मनापासून आनंदात होता. सगळं एका फडक्यात गुंडाळून त्यानं रंगरावाला सांगितलं की हे बाजूला राहू द्या, आमच्या घरून न्यायला येतील. आपण विकत नेलं तर पहिल्या गुंडाळीसारखं तेही पुंजाजीकडे जायचं. ते वाण म्हणूनच घरात यायला हवं होतं.

सासूशी जावयानं तोंड उघडून बोलायची रीत नाही. मागणं बायकोच्या तोंडून जातं. मोतीरामनं रुक्मिणीला सांगितलं, तिनं मान हलवली आणि ती खाली गेली. अंबूबाई त्या वेळी अनारशांचे तांदूळ कुटत होत्या, मळ्यातल्या इंजिनाची धडधड घरापर्यंत येत होती. जावई वाणात काय मागतात, असं त्यांनी विचारलं. "त्याइले पाने पायजेत," रुक्मिणी म्हणाली. अंबूबाईंचं मुसळ वरच्या वर थांबलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सोनं नाई, आंगठी नाई," त्या शेजारणीला सांगत सुटल्या, "तो मानूस पानं मांगते."

अंबूबाईंनी आयुष्यात ज्याला पान म्हटलं ते खायचं. त्यांना काय ठाऊक, जगात लोखंडाचेही पाने असतात आणि त्यांच्यावर एखाद्याचा जीव टांगलेला असतो. त्यांनी जळगाव जामोदच्या पानमळ्यातून खास टोपली मागवली.

धोंड्याच्या जेवणाच्या दिवशी आणखी एक पेच पडला. जावई बाहेरून यायला हवा, त्याच्या पायांवर पाणी घालायला हवं, आणि हा तर घरातच. भगवंतरावांनी तोड काढली. जावयानं फटफटीवर बसून देवीच्या टेकडीपर्यंत जायचं आणि पाहुण्यासारखं परत यायचं. मोतीराम नवा सदरा घालून गेला. टेकडीपाशी रस्ता फुटतो, एक फाटा गावात वळतो आणि दुसरा लव्हाळ्याकडून साखरखेर्ड्याच्या अंगाला जातो. तिथं तो फटफटी चालू ठेवून उभा राहिला. समोर रस्ता मोकळा पडला होता. पण हाताशी एक पाना नव्हता, मागे रुक्मिणी नव्हती, आणि घरी माणसं ताटं मांडून वाट पाहत होती. लग्नातली दमणी वळली होती तिथंच त्यानं फटफटी वळवली. वेशीत उभा असलेला पुंजाजी ओरडला, जवाई आले.

पाय धुऊन झाले, आरती झाली. तेहतीस अनारशांचं ताट आलं, त्यावर दिवा, आणि दुसऱ्या ताटात ओल्या लाल फडक्यात काहीतरी बांधलेलं. फडकं भरीव होतं, जड वाटत होतं. मोतीरामनं घाईघाईनं गाठ सोडली. आत हिरवीगार, नखाएवढाही डाग नसलेली विड्याची पानं निघाली.

"जवाईबुवा, जे मागितलं तेच दिलं," भगवंतराव हसून म्हणाले. मोतीरामनं वर पाहिलं. अंबूबाई पदरानं डोळे पुसत होत्या, आलेले पाहुणे वाहवा करत होते, आणि रुक्मिणी दाराआड खाली मान घालून उभी होती. त्यानं विडा तोंडात घातला. तोंड रंगलं, सगळे हसले. ज्याच्या तोंडात विडा आहे त्याला काय बोलता येतं?

संध्याकाळी माडीवर त्यानं रुक्मिणीला धरलं. तू खाली काय सांगितलंस, असं त्यानं विचारलं. तिनं पाने असंच सांगितलं होतं. मग पानं कशी आली? मायेला तसं ऐकू आलं. "मंग टोपली आली तवा तुले समजलं नाई?" तिला समजलं होतं. माय इतकी हरखली होती, तिला काय सांगणार, असं ती हळूच म्हणाली. मोतीरामच्या मनात तीन वर्षं मुरलेलं तोंडाबाहेर पडलं.

"तुले माह्यासंगं याचंच नाई. तुले हे घर सोडाचंच नाई, रुक्मिणे."

ती काहीच बोलली नाही. त्या न बोलण्याचा अर्थ मोतीरामनं आपल्या मनाप्रमाणे लावला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. रस्ते संपले असं त्याला वाटलं. सासरा सोडणार नाही हे त्याला कळलेलंच होतं, पण बायकोही त्याच बाजूची निघाली, हे मात्र सोसण्यापलीकडचं होतं.

सकाळी रुक्मिणी मळ्यात बापाकडे गेली आणि तिनं खरं काय ते सांगितलं. भगवंतरावांना कानकोंडं झालं. धोंड्याचं वाण चुकलं, जावयानं मागितलेलं एवढंसं मिळालं नाही, ही त्यांच्या दृष्टीनं लहान गोष्ट नव्हती. तसेच उठून ते चिखलीला गेले. रंगरावानं बाजूला ठेवलेली गुंडाळी दाखवली तेव्हा ती त्यांना दरिद्री वाटली. आपल्या जावयाला फडक्यात बांधलेलं वाण? त्यांनी ती तीन कप्प्यांची लालभडक पेटी घेतली आणि दोन माणसांकडून यष्टीच्या टपावर चढवली.

मोतीरामनं पेटी पाहिली आणि ही काही आपल्या हाती यायची नाही, हे त्याला तेव्हाच दिसलं. अक्षय्य तृतीया तोंडावर होती. आईला भेटून येतो असं त्यानं म्हटल्यावर भगवंतरावांनी आनंदानं होकार दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फटफटी पुसून दारात उभी केली. मागच्या सीटवर पुंजाजी बसलेला होता. त्याच्या मांडीवर पेटी होती.

"आता कुठीबी बंद पडू द्या, जवाईबुवा," भगवंतराव म्हणाले. "पुंजाजी मांगं बसलेला हाय. तुम्हाले नटाले हात लावाचं काम नाई. पेटी तो उचलीन, पाना तो फिरवीन, आन् संध्याकाळपस्तोर तुम्हाले सुखरूप घरी आनीन."

मोतीराम हँडल धरून उभा राहिला. त्यानं मागितले ते पाने मिळाले होते, आणि पान्यांबरोबर पहारा मिळाला होता. रुक्मिणीची जागाही भरली होती. आभार मानावेत की फटफटी विहिरीत लोटून द्यावी, हे त्याला कळेना.

तेवढ्यात रुक्मिणी बाहेर आली. लग्नातलं लुगडं नेसलेली, काखेत गाठोडं, हातात ते वाणाचं लाल फडकं. तिनं पुंजाजीला पेटी खाली ठेवायला सांगितली. ठेवतानाच पेटीचा असा आवाज झाला की ओसरीवरची माणसं उठून आली. रुक्मिणीनं दारातच बसकण मारली, फडकं अंथरलं आणि पेटी उघडली.

तिनं नळीसारखा पाना काढला आणि फडक्यावर ठेवला. पक्कड काढली. पेचकस काढला. कप्प्यात हात घालून टामी शोधल्या, दोन मिळाल्यावर थांबली. दोन तोंडांचे पाने एकेक करून उचलले, फटफटीच्या नटाला लावले, सैल बसले ते परत टाकले, घट्ट बसले ते तीन ठेवले. चेनची कडी, रबराची ठिगळं, सोलूशन. पॉलिश कागद पेटीत नव्हता, तर तो तिनं गाठोड्यातून काढला. पुंजाजीकडून तिनं तो आधीच मागून आणलेला होता. घण, करवत आणि बाकीचं लोखंड तसंच राहिलं. मोतीराम पाहतच राहिला. माडीवर मिरच्या खुडणारी ही बाई सगळं ऐकत होती, एक अक्षर न गाळता ऐकत होती, आणि त्यानं तिला काय काय म्हटलं होतं.

"ही पेटी इंजिनाले ठेवा, पुंजाकाका," ती गुंडाळी बांधत म्हणाली. "आन् उतरा आता. तिथं मी बसतो."

पुंजाजीनं मालकाकडे पाहिलं. भगवंतराव म्हणाले की पोरी, वाटेत बंद पडली तर जावयानं का पाना धरायचा?

"त्याइचे हात काळे नाई झाले पायजेत, हेच ना बाबा?"

"हाव."

"मंग माह्ये होऊ द्या. मी काई तुमचा जवाई नाई."

भगवंतरावांनी आयुष्यभर जे वाक्य मिरवलं तेच आज त्यांच्या वाटेत आडवं पडलं होतं, आणि त्याला ओलांडून जाता येत नव्हतं. त्यांनी गाठोड्याकडे पाहिलं. एका दिवसाच्या भेटीला जाणारं गाठोडं एवढं मोठं नसतं हे त्यांना कळलं, अंबूबाईंना कळलं, आणि मोतीरामला सगळ्यांच्या शेवटी कळलं. संध्याकाळी परत या असं ते म्हणाले नाहीत. जा असंही म्हणाले नाहीत.

"पानी घेतलं का सोबत?" एवढंच त्यांनी विचारलं आणि ते मळ्याकडे चालू लागले.

पुंजाजी उतरला. रुक्मिणी बसली, गुंडाळी मांडीवर घेऊन. टेकडीपाशी फाटा आला तेव्हा मोतीरामनं वेग कमी केला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. मागून तिनं त्याच्या पाठीला बोट लावून पुढच्या रस्त्याकडे दाखवलं.

लव्हाळ्याच्या फाट्याअलीकडे फटफटी दोनदा खोकली आणि बंद पडली. तोच लिंब, तीच धूळ. मोतीराम गुंडाळीकडे हात करू लागला तर रुक्मिणीनं ती मागे घेतली. मी बाबाला बोलून आले आहे, असं ती म्हणाली. मोतीरामनं तोंडानं सांगायचं आणि तिनं करायचं, असं सुरू झालं. प्लगचा पाना बसवला, फिरवला, तापलेल्या लोखंडाचा चटका बसला तसा हात झटकला, पुन्हा धरला. प्लग निघाला. काजळीनं काळाठिक्कर झालेला होता. ती कागदानं तो घासू लागली, आणि घासता घासता तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. आधी गालावरून, मग हुंदके, मग तिला काही सावरेना.

भाजलं का, असं मोतीरामनं घाबरून विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. परत न्यायचं का, असंही त्यानं विचारलं, आणि तो मनापासून विचारत होता. त्यावरही तिनं मान हलवली. मग तो खाली धुळीत तिच्याशेजारी बसला आणि त्यानं तिला रडू दिलं. लग्नातलं हे रडणं होतं, तेव्हा राहून गेलेलं.

तेवढ्यात अमडापूरच्या बाजूला जाणारी एक बैलगाडी त्यांच्यापाशी येऊन थांबली. गाडीवानानं कासरा ओढला, फटफटीकडे पाहिलं, रडणाऱ्या बाईकडे पाहिलं आणि नेहमीचं विचारलं. भगवंतरावांचे जवाई ना तुम्ही? निरोप सांगू का?

रुक्मिणीनं मनगटानं डोळे पुसले. गालावर काजळीचा मोठा फराटा उमटला. तिनं प्लग जागेवर बसवला, पाना घट्ट आवळला आणि उठून उभी राहिली.

"सांगजा," ती म्हणाली. "बाबाले म्हणजा, पोरगी सासरी गेली."